बिजागरीच्या बाजूला

सुताराचा म्हातारा कुत्रा मुकादम हल्ली कारखान्यातून घरात जायच्या दाराशी यायचा आणि नेमका बिजागरीच्या बाजूला नाक खुपसून उभा राहायचा.

"अहो, विसरायला लागलाय तो. डॉक्टरही तेच म्हणाले," असं हळहळत बायको त्याला बिस्कीट द्यायची. सुताराला त्या बिस्किटाचाच संशय होता. "विसरतोय कसला! सोंगाड्या आहे लेकाचा."

बायको बाजारात गेल्यावर पठ्ठ्याने ते दारच उतरवलं आणि बिजागऱ्या, मूठ सगळं उलट्या बाजूला बसवून टाकलं. मुकादम खरंच विसरला असेल, तर जुन्याच जागी उभा राहील!

संध्याकाळी मुकादम आला. त्याने दार हुंगलं, क्षणभर विचार केला आणि गुमान नव्या बिजागरीकडे सरकून शेपटी हलवायला लागला.

"सापडला चोर! अगं ए, लवकर ये!" बायकोला बोलवायला सुतार खुशीत दाराकडे धावला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने जुन्याच जागी मूठ चाचपत राहिला.

धडपड ऐकून बायकोने आतून दार उघडलं. दोघंही बिजागरीला चिकटून उभे!



तिने डब्यातून दोन बिस्किटं काढली.