ओंजळभर माती

साळिंदराने बीळ उकरताना प्रागैतिहासिक बांधाची कड उघडी पाडली होती आणि आतल्या मातीत काळसर, तांबूस डाग एकमेकांना खेटले होते. या जुन्या जंगलात माझा नवरा साळिंदर शोधायला आला होता, मी बांध बघायला. "एकेक डाग म्हणजे टोपलीभर माती," मी त्याला सांगितलं. "माणसांनी आणून ओतलेली." एका मोठ्या डागाशेजारी ओंजळीएवढा डाग होता. "ही टोपली आईमागे लुडबुडणाऱ्या पोराची!" तो म्हणाला. "पुरावा काय?" मी विचारलं. त्याने मूल दत्तक घेण्याचा विषय काढला की मी 'कामात लुडबुड होईल, पुढे बघू' म्हणत टाळायचे. "बाईसाहेब, त्या लुडबुडीनं बांध ढासळला का?" त्याने विचारलं. मी वर पाहिलं. बांधावरच्या थोराड झाडांत पाखरं कलकलत होती. बिळातून काट्यांचा रागीट खुळखुळाट झाला. दचकून आम्ही हसत सुटलो. "नाही ढासळला," मी म्हणाले. "आपण मूल दत्तक घेऊ या."