चरखीचं तोंड

गळाची चरखी बोंबलायला लागली तसे बुधाजी वैतागले. "बंद कर रे तिचं तोंड! नदीवर आमी खोकलाबी दाबून धरतो. इचा आवाज ऐकून मासोया पार अकोल्यापर्यंत पळतीन."

"करतो ना बाबा," चंद्रभान म्हणाला. तो अकोटच्या कापसाच्या जिनात फिटर. मशीन कुरकुरलं की ते खोलायचं, तेल पाजायचं आणि गप्प करायचं, हीच त्याची भाकरी. ही पितळी चरखी त्याने अकोल्याच्या जुन्या बाजारात हेरली होती. कुण्या साहेबाची असावी. आज रविवार गाठून त्याने ती अंगणात पोत्यावर उघडली.

त्याची बायको ललिता शिवणयंत्राची तेलाची कुपी घेऊन शेजारीच बसली होती. तिचा सगळा जीव त्या चरखीत अडकला होता. डोळे गेल्यापासून सासरे फाटकाबाहेर पडले नव्हते. कुणी हात धरायला गेलं की झटकून टाकत. "मले दुसऱ्यानं न्यायचा दिवस एकच. तवा चौघं लागतीन," म्हणत आणि भिंतीकडे तोंड करून बसत. ही चरखी तरी त्यांना पुन्हा नदीवर नेईल, अशी ललिताला आशा होती.

दातेरी चाकाला ज्वारीच्या दाण्याएवढी एक खिटी टेकली होती. चाक फिरलं की ती दात्यादात्यावर आपटे. चंद्रभानने तोच चोर पकडला. खिटी काढून डबीच्या झाकणात ठेवली, तेल सोडलं आणि चरखी बाबांच्या गळाच्या बांबूला सुतळीने आवळून बांधली. चाक फिरवलं तर लोण्यासारखं फिरलं, हूं नाही की चूं नाही.

"ललिता, चरखीच्या दोरीचं टोक धरून चाल," तो खुशीत म्हणाला. "तू मासोयी."

ललिताने हसू पदरात दाबलं आणि टोक धरून निघाली. बुधाजी बाजेवर ती गळाची काठी सावरून, कान टवकारून बसले होते.

"चाल ना पोरी. उभी काहून हायेस?"

"मी तं फाटकापाशी आली, मामाजी."

बुधाजींनी चरखी चाचपली. दोरी अर्धीअधिक संपली होती. चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठे गेलं. "मासोयी गय तोंडात घेऊन गेली, अन् मले पत्ताच नाई," ते हळू आवाजात म्हणाले. काठी खाली ठेवून ते हाताने भिंत शोधू लागले.

ललिताला ते बघवेना. "अवं, थे खिटी वापस लावा."

"आवाज करन थे."

"करू द्या ना!"

चंद्रभानच्या डोक्यात उजेड पडला. खिटी परत बसवून त्याने जन्मात पहिल्यांदाच एका गप्प मशीनला तोंड दिलं. ललिताने काठी उचलून सासऱ्यांच्या हातात ठेवली आणि पुन्हा टोक धरलं.

कर्र... कर्र... ती थांबली, आवाज थांबला. ती धावली तशी चरखी कर्रर्र करत सुटली.

"चालली," बुधाजी पुटपुटले. "उभी राह्यली. आता धावून राहिली! डाव्या हाताले वळली!"

ती पाठमोरी, ते आंधळे, आणि तरी तिचं पाऊलन् पाऊल त्यांना दिसत होतं. तिने वळून पाहिलं. सासरे बाजेवरून उठून उभे होते आणि लेकरासारखे हसत होते.

"चला बाबा नदीवर," म्हणत चंद्रभानने त्यांचा हात धरला.

"हात सोड!" बुधाजींनी तो झटकलाच. "ललिता, तू टोक सोडू नको. तू समोर चाल, मी मांगून येतो."

ललिता फाटकाबाहेर पडली. दोरी जिकडे ओढी तिकडे बुधाजी पाऊल टाकत. चरखी कुरकुरली की पाय उचलत, गप्प झाली की थांबत. चंद्रभान रिकाम्या हातांनी मागून चालला होता.

विहिरीपाशी बायांचे पोहरे जागच्या जागी राहिले. पुढे सून, मागे बांबू धरलेला सासरा आणि मध्ये दोरी. ललिता लाजून थबकली. पाय उचलेना. चरखी गप्प झाली.

"थांबली काहून?" बुधाजींनी विचारलं. "लोकं पाहून राहिले का?"

"व्हय, मामाजी."

बुधाजींनी पाठ ताठ केली, काठी उंच धरली.

"पाहू दे. तू चाल, मले ऐकू येऊ दे."

ललिताने पदर खोचला आणि झपाट्याने निघाली. चरखी अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली.