हद्दीबाहेरची टेकडी

झऱ्यातल्या दुर्मीळ बेडकांसाठी राखीव जंगलाची हद्द मीच आखली. शेजारच्या टेकडीत मुरलेलं पाणी जमिनीच्या पोटातल्या भेगेतून झऱ्यात येतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण साहेब म्हणाले, "टेकडी खाणीला द्यायचीय," आणि मी मुकाट्याने रेघ पायथ्याशी ओढली. तीन वर्षांनी वनरक्षककाकांनी मला बोलावून घेतलं. झरा कोरडा ठणठणीत पडला होता. काका फावड्याने गाळ उपसत होते. "माझंच चुकलं, पोरी. गाळ वेळेवर काढला नाही मी." त्यांचे तळहात सोलवटले होते. मला राहवेना. "काका, गाळाचा काही दोष नाही. टेकडी फोडली की पाणी तुटणार, हे मला माहीत होतं. तरी मी ती हद्दीबाहेर ठेवली." काकांनी फावडं खाली ठेवलं. त्यांनी एकदा खाणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "चला, मॅडम. तुमची गाडी चुकेल."