गट्टी गाडी

"गाडी भाळ गट्टी ऐत्री, मास्तर," असं म्हणून हणमंतनं जीपच्या बॉनेटवर थाप मारली.

नूतनला हसू आलं. साताऱ्याहून लग्न होऊन हुबळीला आल्याला तिला जेमतेम वर्ष झालं होतं. "कुणाशी गट्टी आहे हिची?" तिनं विचारलं.

तिचे सासरे भीमराव मास्तर काठी टेकून उभे होते. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. सुनेची चूक त्यांना फारच आवडली. "अगं, कानडीत गट्टी म्हणजे मजबूत. पण तुझंही खोटं नाही. आडरानात गाडीशी गट्टी असल्याशिवाय भागत नाही."

गोकुळ रोडवरच्या हणमंतच्या आवारात जुन्या गाड्या पुष्कळ होत्या, पण यांच्या ऐपतीतल्या दोनच. एक ही जीप. वर ताडपत्री, आत टणक बाकडी, पण चारही चाकं ओढणारी. तिच्या शेजारी पांढरी मोटार. तिला मऊ गाद्या होत्या आणि कॅसेट लावायची सोय होती. अठ्ठ्याण्णव साल होतं. तेव्हा गाडी घेणं हे घरातलं कार्यच असायचं, आणि कॅसेट वाजणारी मोटार दारात उभी राहिली की विद्यानगरातली निम्मी गल्ली बघायला यायची. ते कौतुक आता कुठं राहिलं?

पण इथं अडचण कौतुकाची नव्हती. अप्पांचं गाव आंबेघाळ, जोयड्याच्या जंगलात आत. डांबर संपलं की कच्ची वाट आणि दोन ओढे. मोटार तिथं पोचणार नाही. जीप पोचेल, पण अप्पांच्या पाठीला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशातली गत. आणि अप्पांना एकदा तरी गावाला जायचं होतं.

"बसून तर बघू की," अप्पा म्हणाले आणि कुणी अडवायच्या आत जीपच्या पायरीवर पाय ठेवला. त्यांचा मुलगा पद्मनाभ हात द्यायला धावला. मग तो आणि नूतन मागच्या बाकड्यावर बसले आणि हणमंतनं गाडी उणकलच्या बाजूला काढली.

तिथं डांबर सोडून जीप खडीवर उतरली, तशी अप्पांची कळी खुलली. पावसानं उखडलेली एक नाली आडवी आली. "हा पहिला ओढा समज," ते हणमंतला म्हणाले. "आता डाव्या हाताला नागोजीचं खळं. त्याच्या म्हशी वाटेतच बसतात. हॉर्न दे."

हणमंतनं खरंच हॉर्न दिला. म्हैस राहू दे, समोर कुत्रंसुद्धा नव्हतं.

"आता चढ. इथं माझी आई डोक्यावरची पाटी उतरवून बसायची. आम्ही पोरं तोवर करवंदं खायचो. पुढं वळलं की घराची कौलं दिसतात."

पद्मनाभ मागून ऐकत होता. तो कॉलेजात भूगोल शिकवायचा. जगातल्या नद्या त्याला पाठ होत्या, पण आंबेघाळचे हे ओढे तो आज पहिल्यांदा ऐकत होता. लहानपणी एकदा तो गावाला गेला होता, तोही आईच्या मांडीवर झोपून. त्याला फार वाईट वाटलं.

मग एका खड्ड्यात चाक उतरलं. धक्का काही मोठा नव्हता. पण अप्पा बोलायचे थांबले. समोरच्या दांडीवर त्यांची मूठ आवळली गेली आणि कपाळावर घाम आला.

"गाडी निल्लसरी," पद्मनाभ म्हणाला. हणमंतनं गाडी थांबवली, जरा वेळानं वळवली, आणि नवी नवरी घरी आणावी तशी हळू आवारात आणली.

अप्पांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आल्यावर पद्मनाभ म्हणाला, "मोटारच घेऊ, अप्पा. तुम्ही सुखानं बसाल. गोकर्णला जाऊ, कोल्हापूरला जाऊ. आंबेघाळचं मात्र आता मन घट्ट करायला पाहिजे."

"केलं की," अप्पा म्हणाले. "त्या वाटेनं मी आता जात नाही. खड्ड्यानं चांगलं समजावलं मला. तरी तू जीपच घे."

मोटारीची काच पुसायला निघालेला हणमंत फडकं हातात धरून तसाच उभा राहिला.

"मग ती कुणासाठी घ्यायची?" पद्मनाभचा आवाज जरा चढलाच. "तुम्ही बसणार नाही म्हणता, आणि जीप घे म्हणता."

"मोटार घेतलीस तर मी आहे तोवर मला हिंडवशील, डांबर असेल तिथवर. माझ्यामागं आंबेघाळला कशाला जाशील? जीप दारात असली तर एखाद्या मे महिन्यात जाशील. पोरंबाळं झाली की त्यांना नेशील." अप्पांनी गळ्याभोवतीच्या उपरण्यानं तोंड पुसलं. "माझं गाव बघून झालंय रे. तुझं राहिलंय."

पद्मनाभनं मान फिरवली.

नूतन अप्पांच्या शेजारी बाकावर येऊन बसली. त्यांच्या हातातला रिकामा पेला तिनं घेतला आणि खाली ठेवला.

"डांबर संपलं की कुठल्या हाताला वळायचं, अप्पा?"