टाळ्या संपल्यावर

“उभं राहायचं, हसायचं, टाळ्या वाजवायच्या. तुमच्याकडून एवढंच हवंय, डोलिना,” पक्षाचा व्यवस्थापक कॅलम पर्डी म्हणाला. “आणि सगळ्यांच्या आधी उठायचं. आपल्या नेत्याचं, इनेसचं भाषण संपलं की लगेच. कॅमेरे तुमच्यावरच असणार आहेत.”

डोलिना मॅकस्विनने डावा गुडघा चोळला. स्कॉटलंडमधल्या पर्थच्या त्या सभागृहात तिला पहिल्या रांगेत, अगदी मधोमध बसवलं होतं. बारा वर्षं ती स्कार्वे बेटाची आमदार होती, पण पक्षाच्या अधिवेशनात एवढा मान तिला कधी मिळाला नव्हता.

“गुडघा धरलाय रे बाळा. किती वेळ उभं राहायचं?”

“लोक उभे आहेत तोवर. मग मिसेस ओगिल्वी अध्यक्षांच्या खुर्चीतून दरवर्षीचा तो प्रश्न विचारतील, कोणी काही बोलणार नाही, आणि आपण जेवायला जाऊ. आज बटाटा-मटणाचे स्टोव्हीज आहेत.”

“आणि नाही उठले तर?”

कॅलमचं हसू ढळलं नाही. तो फक्त जरा खाली वाकला. “तर पुढच्या वेळी स्कार्वेचं तिकीट दुसऱ्या कोणाला तरी. यादी मीच करतो.”

“तिकिटं मी एकोणीस वर्षं फाडली आहेत,” डोलिना म्हणाली. “मला नको भीती घालूस.”

खरं होतं ते. राजकारणात येण्याआधी ती स्कार्वेच्या धक्क्यावर बोटीची तिकिटं द्यायची. कॅलमही तसा वाईट नव्हता. पक्षाची झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवणं हे त्याचं काम, आणि ते तो इमानाने करत होता. पण त्या मुठीत काय आहे हे डोलिनाला चांगलं ठाऊक होतं. वर्षापूर्वी ती झाकायला तिनेच हात लावला होता.

तेव्हा नेतेपदासाठी दोघंच होती, ती आणि इनेस ट्वीडी. मतदानाला चार दिवस उरले असताना इनेस बोटीने स्कार्वेला आला. तिच्या स्वयंपाकघरात बसून दोन कप चहा प्यायला. “आपण भांडलो तर तिसऱ्याचं फावेल,” तो म्हणाला. “तू माघार घे. बेटाची हिवाळ्यातली बोट मी बंद होऊ देणार नाही. शब्द देतो.”

हिवाळ्यात बोट नसली की बेटावर काय होतं, ते डोलिनाला कोणी सांगायला नको होतं. पिठापासून औषधापर्यंत सगळं त्याच बोटीने यायचं, आणि दुखणाईत माणूस त्याच बोटीने जायचा. तिने माघार घेतली. गावातल्या दुकानात लोकांनी तोंडावर विचारलं, “विकली गेलीस का गं?” ती म्हणाली, “बोट आली की कळेल.”

गेल्या मंगळवारी बोटीचं वेळापत्रक लागलं. नोव्हेंबर ते मार्च, बोट नाही. सरकार त्यांच्याच पक्षाचं, आणि कागदाखाली सही इनेसची. डोलिनाला इतका संताप आला की दोन दिवस तिने कोणाचाही फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी कॅलमचा घेतला. हो म्हणाली, येते म्हणाली, पहिल्या रांगेत बसते म्हणाली. कॅलमला हायसं वाटलं होतं.

इनेस बोलायला उभा राहिला. बोलायचा मात्र छान, हे डोलिनाही नाकारत नसे. “एक घर, एक चूल, एक आवाज!” तो म्हणाला. “आमच्यात फूट आहे म्हणणाऱ्यांनी आज डोळे उघडून बघावं.” आणि त्याने हात पसरून नेमकं पहिल्या रांगेकडे बघितलं.

डोलिना उठली. सगळ्यांच्या आधी.

मग सगळं सभागृह उठलं. कॅमेरे तिच्या चेहऱ्यापाशी आले, ती हसली, टाळ्या वाजवू लागली. दुसऱ्या रांगेत स्कार्वेहून आलेली सहा-सात माणसं होती. ती हाताची घडी घालून बसून राहिली. त्यांत तिची मामेबहीण पेगी होती.

“लाज आहे का गं?” पेगी मागून म्हणाली. आवाज खाली ठेवणं तिला कधी जमलंच नव्हतं. “मूग गिळून बसली असतीस तरी चाललं असतं. टाळ्या कसल्या वाजवतेस? बोट बुडाली म्हणून?”

ते डोलिनाला फार लागलं. तिने मागे वळून पाहिलं नाही. टाळ्या मात्र थांबवल्या नाहीत.

हळूहळू आवाज ओसरला. नऊशे माणसं खुर्च्या सरकवत खाली बसली. भिंतीपाशी उभ्या असलेल्या कॅलमने तिला अंगठा दाखवला. मग तळहात खाली करून खूण केली, बसा आता. मग पुन्हा केली.

मिसेस ओगिल्वींनी चष्मा चढवला आणि कागद डोळ्यांजवळ धरला.

“पक्षाच्या नियमाप्रमाणे विचारते. नेतेपदासाठी इनेस ट्वीडी यांच्याविरुद्ध कोणी उभं आहे का?”

उत्तराची वाट न बघता त्यांनी कागद उलटलासुद्धा. जेवणाची घोषणा त्याच्या मागे होती. मग त्यांनी वर पाहिलं.

“अगं डोलिना, बस ना खाली. गुडघा दुखतोय का?”

“दुखतोय,” डोलिना म्हणाली. “पण मी उभी आहे.”