सतरा नंबरचा निरोगी माणूस

“माफीचं पत्र मी लिहिणार नाही,” ती म्हणाली. “चूक माझ्या प्रोग्रामची नाही, तर माफी कसली मागायची?”

साहेबांनी दोन रिपोर्ट तिच्यापुढे सरकवले. शाळेच्या मैदानावर धावता धावता कोसळलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाचे. पहिला त्यांच्याच कंपनीचा. मुलाच्या रक्तातला सगळा जनुकीय मजकूर वाचून तिच्या प्रोग्रामनं निर्वाळा दिला होता : दोष आढळला नाही. महिन्याभरात मुलगा पुन्हा कोसळला. दुसऱ्या लॅबनं त्याच्या रक्तात हृदयाची लय बिघडवणारा दोष शोधून काढला. एका अक्षराचा बदल.

“थोडक्यात वाचला तो,” साहेब म्हणाले. “धावणं, पोहणं, सगळं बंद केलंय त्याचं. त्याचे डॉक्टर मला फोनवर नाही नाही ते बोलले. काय सांगू त्यांना?”

“सांगा, आजच्या आज चोर पकडून देते.”

“आज तुझ्या मुलीची स्पर्धा होती ना? अर्धी सुट्टी घेतली होतीस.”

“रद्द केली. तिचे बाबा आहेत तिथे.”

जागेवर येईपर्यंत ती मनातल्या मनात साहेबांशी भांडत होती. हा प्रोग्राम तिनं पोटच्या पोरीसारखा वाढवला होता. त्याला कुणी नावं ठेवली की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मुलाची माहिती तिनं पुन्हा एकेका पायरीनं चालवून पाहिली आणि थबकली. दोष सापडला होता! प्रोग्रामनं तो नीट पाहिला होता. आणि शेवटच्या चाळणीत फेकून दिला होता.

चाळणी तिचीच. माणसामाणसांत लाखो निरुपद्रवी बदल असतात. त्यातून रोगाचा बदल हुडकायचा तर आधी कचरा काढावा लागतो. म्हणून कंपनी नवी असताना कर्मचाऱ्यांनीच रक्त दिलं होतं. बाह्या सरसावून सगळे लॅबपुढे रांगेत उभे होते, एकमेकांची थट्टा करत, शेवटी मिळणाऱ्या बिस्किटांवर डोळा ठेवून. हे आपले निरोगी नमुने. त्यांच्यापैकी एकातही जो बदल दिसेल तो निरुपद्रवी, असा नियम तिनं घालून दिला. नमुन्यांना नावं नकोत, फक्त नंबर. कोण कोणता ते लॅबप्रमुखांखेरीज कुणाला कळता कामा नये, हा हट्टही तिचाच.

मुलाचा दोष सतरा नंबरच्या निरोगी माणसात होता.

ती उठली ती तडक जिन्यानंच वर निघाली. लिफ्टची वाट पाहायला धीर कुणाला होता? लॅबच्या दाराशी पोचेपर्यंत छाती धडधडत होती, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. संतापली की तिचं नेहमी असंच व्हायचं.

लॅबप्रमुखांना सगळे मामा म्हणत. ते हातमोजे काढत होते.

“मामा, सतरा नंबर कोण?”

“नाव सांगायचं नाही, हा नियम कुणाचा?”

“माझा. मीच मोडते. त्या मुलाच्या हृदयाचा दोष याच्यातही आहे, आजारी माणूस घुसलाय आपल्या निरोग्यांत!” तिनं मोबाईल टेबलावर आपटला. “‘मला काही होत नाही’ म्हणून खुशाल सही ठोकून मोकळा! चक्कर येत असणार, काहीतरी होत असणार, लपवलं असणार. याच्या खोटेपणापायी कुणाचं तरी पोर जात होतं!”

“खोटं कशाला बोलेल? हा दोष कित्येकांत आयुष्यभर गप्प बसून राहतो. निरोगी म्हणजे ज्याला अजून काही झालं नाही तो, असं मी तेव्हाच म्हणालो होतो. तू हसली होतीस.”

“मग हसले! चुकलं माझं. पण...”

मोबाईल वाजला. तिनं स्पीकरवरच घेतला. पलीकडे शिट्ट्या, गलका.

“आई, तू खरंच येत नाहीयेस? टोपीत केस बसत नाहीयेत माझे. बाबांना काही जमत नाही.”

“बाबांना म्हण, आधी अंबाडा घाला. राणी, इथे एका माणसानं घोळ घालून ठेवलाय, तो निस्तरतेय.”

“माझ्यापेक्षा तो माणूस महत्त्वाचा?”

“आजच्या दिवस. जिंकून ये. ठेवते.”

मोबाईल टेबलावर टाकून ती पुन्हा मामांकडे वळली. “उद्या हा जिन्यात कोसळला तर? आणि याला मुलंबाळं असली तर? प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, मामा! त्यांचा काय दोष? तुम्ही नियम कुरवाळत बसा. आत्ताच्या आत्ता त्याला फोन लावा, नाहीतर नंबर द्या, मी लावते. चांगली खरडपट्टी काढते त्याची.”

कोपऱ्यातला संगणक उघडून मामांनी सतरा हा आकडा टाकला. पडद्याची पाठ तिच्याकडे होती. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

“लावा ना फोन!”

मामा उठले. टेबलावरचा तिचाच मोबाईल उचलून त्यांनी तिच्या हातात ठेवला.

“मुलीला पाण्यात उतरू देऊ नकोस,” ते म्हणाले.