शंका ग्रुपवर टाका

लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर आली आणि दिघोरीच्या तलावाच्या पाळीवर रोजची जत्रा भरू लागली, कारण गावात रेंज काय ती तिथेच. धानाचा रोवणा सोडून रीना चिखलाच्या पायांनीच लेकीला घेऊन पाळीवर चढली, तर लेकीचे भुपेंद्र सर स्वतःच मोहाच्या झाडाखाली मोबाईल उंच धरून उभे. रीनाला हायसं वाटलं.

"सर, प्रतिक्षाले अपूर्णांकाची बेरीज समजूनच नाही राहिली. जरा सांगून देता का?"

सरांनी मास्क नाकावर चढवला.

"असं तोंडी नाही चालत, ताई. वरच्या साहेबांले ऑनलाइन संवाद दाखवा लागते. शंका ग्रुपवर टाका, तिथे समजावतो."

रीना चार हातांवर जाऊन बसली. प्रतिक्षाने वर्गाचा ग्रुप उघडला, तेवढ्यात सरांचा मेसेज येऊन पडला : 'पालकहो, आजही एकानेही शंका विचारली नाही. मुलांच्या शिक्षणाविषयी एवढी उदासीनता बरी नव्हे.'

प्रतिक्षाने लिहायची जागा शोधली. तिथे बारीक अक्षरांत होतं :



'या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात.'